गेममध्ये मुंबई विमानतळ हवाय? मग आधी 'एक्सपांड'चं बटण काढा

ज्यांना कानात इअरफोन घालून चाळीस मिनिटं बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलतानाचे बरेचसे "अं" आणि "म्हणजे" काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. एका श्रोत्याने पाठवली होती. "दादा, तू पण तो एअरपोर्टवाला गेम खेळतोस ना? त्यात कुठले कुठले एअरपोर्ट येतात, मग आपलं मुंबई का नाही? तू लिही ना त्यांना."

ज्यांनी असा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही विमानतळ चालवता. विमान उतरवायचं, त्याला स्टँड द्यायचा, प्रवासी आणि बॅगा उतरवायच्या, इंधन भरायचं, साफसफाई करायची, मग पुशबॅक देऊन पुन्हा धावपट्टीवर सोडायचं. वेळेत झालं तर पैसे, उशीर झाला तर दंड. पैसे साठले की 'एक्सपांड' दाबायचं, शेजारचा प्लॉट उघडतो, तिथे नवे स्टँड टाकायचे. असे गेम बनवणाऱ्या टीम्स खेळणाऱ्यांकडून पुढच्या विमानतळाच्या सूचना मागवतात, आणि आपल्यासारखे लोक उत्साहाने पाठवतात.

तर त्या मित्राला सांगायचं म्हणजे, मी आधीच पाठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी. आणि उत्तर आलं नाही.

तो मेल परवा पुन्हा उघडून वाचला आणि मला माझीच लाज वाटली. मुंबई ही देशाची आर्थिक राजधानी. बॉलिवूड. वर्षाला कोट्यवधी प्रवासी. सोबत गेटवेचा फोटो. आता मला सांगा, गेटवेचा आणि विमानतळाचा काय संबंध? त्या मेलमधलं 'मुंबई' खोडून तिथे 'बँकॉक' लिहिलं असतं, फोटो बदलला असता, तरी तो तसाच्या तसा चालला असता. गेम बनवणाऱ्याला शहर किती मोठं आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याचा प्रश्न वेगळा असतो: इथे खेळणाऱ्याला कसलं कोडं सुटत नाहीये? एका मोठ्या विमानतळाचं थ्रीडी मॉडेल करायला महिने जातात. दुसऱ्या कुठल्याही विमानतळावर मिळेल तीच मजा इथे मिळणार असेल, तर एवढी मेहनत कोण कशाला घेईल?

आणि मुंबईकडे असं कोडं आहे. जगात फार थोड्या मोठ्या विमानतळांकडे असेल असं.

आपल्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. मुख्य धावपट्टी ०९/२७, सुमारे ३,४५० मीटर लांब. दुसरी १४/३२, सुमारे २,९०० मीटर. हे आकडे म्हणजे दिशा. २७ म्हणजे २७० अंश, थेट पश्चिमेकडे तोंड. त्याच धावपट्टीवर उलट बाजूने, पूर्वेकडे तोंड करून आलात की ती ०९. बरं, दोन धावपट्ट्या आहेत म्हटल्यावर वाटतं की एकीवर उतरवू, दुसरीवरून उडवू. पण या दोन्ही एकमेकींना छेदतात. चौकासारख्या. आणि या चौकात सिग्नल लावून काम भागत नाही, कारण उतरणारं विमान ऐनवेळी "नाही जमत" म्हणून पुन्हा वर उचललं जाऊ शकतं, ज्याला गो-अराउंड म्हणतात. तेव्हा दुसऱ्या धावपट्टीवरून कोणी त्याच चौकाकडे धावत येत असेल तर? म्हणून व्यवहारात एका वेळी एकच धावपट्टी वापरायची. कागदावर दोन, हातात एक.

या एका धावपट्टीवर मुंबईने एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणं आणि लँडिंग केलेली आहेत, २०१८ मध्येच. गर्दीच्या तासाला ४६ हालचाली असायच्या. हालचाल म्हणजे एक लँडिंग किंवा एक टेकऑफ. गणित करा: दर ७८ सेकंदांना एक. मग २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने हा आकडा ४६ वरून ४४ वर आणायला सांगितला, कारण विमानं शहरावर पाऊण-पाऊण तास घिरट्या घालत होती, इंधन जळत होतं, सगळं वेळापत्रक मागे सरकत होतं. आता बघा, ४६ आणि ४४ मध्ये फरक किती? प्रत्येक विमानामागे साडेतीन सेकंदांचा. इतक्या काठावर चालणारा विमानतळ म्हणजे गेम डिझायनरसाठी खजिना आहे. तुलनेसाठी लंडनचं गॅटविक घ्या. तेही प्रत्यक्षात एका धावपट्टीवर चालतं आणि तिथे तासाला ५५ हालचाली बसवतात. म्हणजे खेळणाऱ्याला गाठायला हाय स्कोअरही तयार आहे.

मग हे सेकंद वाचवायचे कसे? इथे खरा खेळ सुरू होतो. विमान उतरलं की ते धावपट्टीवर किती वेळ राहतं हे महत्त्वाचं. बाहेर पडायचा टॅक्सीवे काटकोनात असेल तर विमानाला जवळजवळ थांबून वळावं लागतं. तोच तिरका असेल तर वेगातच बाहेर पडता येतं. पायलटने ठरलेला एक्झिट चुकवला आणि पुढच्यापर्यंत गेला, की गेले दहा-पंधरा सेकंद, आणि मागच्या विमानाला गो-अराउंड. शिवाय विमानांचा क्रम. ए-३८० सारखं धूड गेलं की त्याच्यामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागून येणाऱ्या छोट्या विमानाला जास्त अंतर द्यावं लागतं. मोठं-छोटं-मोठं-छोटं अशी रांग लावली तर वेळ वाया जातो, सारख्या आकाराची विमानं एकामागोमाग लावली तर वाचतो. मी कागदावर खडू-पेन्सिलीने हे खेळून पाहिलं. आईशप्पथ, तासभर कसा गेला कळलं नाही.

इथपर्यंत दुसरा मेल छान तयार झाला होता. धावपट्ट्या, आकडे, टर्मिनल, सगळं. फक्त गेमच्या नियमाप्रमाणे 'एक्सपांड'चे प्लॉट आखायचे बाकी होते. तेही आखले. आणि तिथेच गाडी अडकली.

माझी मावशी जरीमरीला राहते. कुर्ला-अंधेरी रोडवर, विमानतळाच्या भिंतीपासून फार लांब नाही. पश्चिमेकडचा वारा असला, आणि मुंबईत दिवसा तो बहुतेक वेळा तसाच असतो, की विमानं पूर्वेकडून घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन २७ वर उतरतात. मावशीकडे बोलताना मध्येच सगळे थांबतात, विमान जातं, मग वाक्य पुढे चालू होतं. पाहुण्यालाच ते विचित्र वाटतं, घरच्यांना नाही. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. आवाजावरून सांगतो, हे मोठं आहे, दोन इंजिनांचं, हे एटीआर. त्याला मी लॅपटॉपवर माझा नकाशा दाखवला. मुख्य धावपट्टी काळी, टॅक्सीवे राखाडी, आणि पुढे उघडता येतील असे प्लॉट पिवळे.

त्याने बोट ठेवलं. "दादा, हे काय आहे?"

"प्लॉट तीन. चाळीस लाख कॉइन झाले की उघडेल. इथे सहा रिमोट स्टँड बसतात."

"इथे आमची गल्ली आहे."

मी झूम केलं. खरंच होती. मशिदीचा चौक, तिच्या मागची गल्ली, सगळं माझ्या पिवळ्या चौकोनात. मावशी आतून म्हणाली, "दारावर नंबर टाकून गेलेत मागेच. तू गेममध्ये पण टाक." ती हसली, पण मला काही हसू आलं नाही.

गेममध्ये विमानतळाच्या कडेला नेहमी हिरवं गवत असतं. रिकामं. पैसे भरले की ते काँक्रीट होतं. मुंबईत विमानतळाच्या कडेला गवत नाही, माणसं आहेत. विमानतळाची सगळी जागा मिळून साधारण ७५० हेक्टर, म्हणजे १,८५० एकर. दिल्लीच्या विमानतळाकडे पाच हजार एकरांहून जास्त जागा आणि चार धावपट्ट्या. मुंबईच्या त्या १,८५० एकरांतल्या शेकडो एकरांवर वस्त्या आहेत, तिथे हजारो कुटुंबं राहतात. त्यांना कुठे न्यायचं, कोण पात्र, कोण अपात्र, यावर कित्येक वर्षं चर्चा, सर्वेक्षणं आणि निवडणुकांतली भाषणं झालीत. इथे 'एक्सपांड' हे बटण दाबून आवाज 'टिंग' असा येत नाही.

म्हणजे मी दोन पर्यायांत अडकलो. वस्ती नकाशातून गायब करून तिथे गवत दाखवायचं, किंवा वस्ती दाखवायची आणि ती विकत घेऊन पाडायची सोय खेळणाऱ्याला द्यायची. पहिलं खोटं आणि दुसरं… ते मला जमणारच नव्हतं, माझ्या मावशीचं घर आहे तिथे.

शेवटी मार्ग विमानतळानेच दाखवला. आपलं टी-२ कसं बांधलं माहितीये? वरून पाहिलं तर ते इंग्रजी एक्स अक्षरासारखं दिसतं. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांनी ते आखलं. लोक त्याच्या छतातल्या मोरपिसाबद्दल बोलतात, आणि ते सुंदर आहेच. पण त्या आकारामागे जागेची अडचण होती. जुनं टर्मिनल चालू ठेवून, त्याला लागूनच, टप्प्याटप्प्याने नवं बांधायचं होतं. रोजचे प्रवासी थांबवता येत नव्हते आणि दुसरीकडे जायला जागा नव्हती. म्हणून तो लांबट एक्स. २०१४ च्या फेब्रुवारीत तिथून विमानं सुरू झाली. चालत्या घरात राहून घर नव्याने बांधण्यासारखं काम ते. आपल्याकडे चाळीत लग्न निघालं की जसं एका खोलीत सगळं बसवतात ना, तसं.

तर माझ्या दुसऱ्या प्रस्तावातलं मुख्य वाक्य हेच झालं: या विमानतळावर 'एक्सपांड'चं बटण नसेल. कुंपण पहिल्या दिवशी जिथे आहे तिथेच शेवटच्या दिवशी. वाढायचं ते आत. काटकोनी टॅक्सीवे मोडून तिरका करा, दोन छोटे स्टँड जोडून एक मोठा करा, दिवसा रिकामी उभी असलेली विमानं ओढून बाजूला न्या, टर्मिनल चालू ठेवून निम्मं पाडा आणि बांधा. पाडलेल्या काळात तुमचे गेट कमी होतील, दंड बसेल, पण पर्याय नाही. मला वाटतं हे इतर कुठल्याही विमानतळापेक्षा अवघड आणि म्हणून जास्त खेळावंसं वाटणारं होईल. अर्थात मी पक्षपाती आहे.

बाकी गोष्टी मुंबई आपोआप देते. पाऊस घ्या. मिठी नदी विमानतळाच्या आवारातून, धावपट्टीच्या खालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि विमानतळ बंद पडला, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आईवडिलांकडून ऐकलंय. गेमसाठी त्याहून उपयोगी प्रसंग २०१९ चा आहे. १ जुलैच्या रात्री, भर पावसात, एक प्रवासी विमान मुख्य धावपट्टीवर उतरून टोकाच्या पुढे चिखलात गेलं. प्रवासी सुखरूप. पण ते विमान हलवायला काही दिवस लागले, तोवर मुख्य धावपट्टी बंद आणि सगळं ओझं १४/३२ वर. शेकडो उड्डाणं रद्द झाली किंवा वळवली गेली. आता हे 'चॅलेंज मोड' म्हणून विचार करा: आखूड धावपट्टी, पाऊस, आणि टर्मिनलमध्ये अडकलेली माणसं. मी प्रस्तावात लिहिलंय की इथे पैशांचा स्कोअर नको, किती माणसं घरी पोहोचली तो स्कोअर हवा.

आणखी एक मजा म्हणजे ठरलेली सुट्टी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर डागडुजीसाठी दोन्ही धावपट्ट्या एका दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद ठेवतात. २०२४ मध्ये ९ मे ला ठेवल्या होत्या. सहा तास एकही विमान नाही. दोन्ही एकदम का? कारण तो चौक. चौकाचीच दुरुस्ती करायची तर दोन्ही रस्ते बंद. खेळणाऱ्याला तारीख आधी कळते, त्याने वेळापत्रक त्याभोवती बसवायचं.

रात्रीचं मुंबई वेगळंच असतं. दिवसा देशांतर्गत छोटी विमानं, मध्यरात्रीनंतर युरोप-आखातातली मोठी. एप्रिल-मे मध्ये कार्गोत हापूसच्या पेट्या, ज्या उन्हात ताटकळल्या तर संपल्या. टी-१ आणि टी-२ एकाच धावपट्टीचे, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर प्रवाशाला बाहेर पडून रस्त्याने जावं लागतं, आणि कनेक्टिंग फ्लाइटवाल्यांची जी पळापळ होते ती गेममध्ये यायलाच हवी. आता मेट्रो ३ चं स्टेशन दोन्हीकडे आहे, त्यामुळे थोडं सुसह्य झालंय.

तुम्हाला तुमच्या आवडत्या विमानतळाचा प्रस्ताव पाठवायचा असेल तर कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. नकाशासाठी गुगलवरचे फोटो पुरत नाहीत. भारतीय विमानतळ प्राधिकरण 'एआयपी' नावाची माहिती ऑनलाइन ठेवतं, त्यात प्रत्येक विमानतळाचा तक्ता असतो: धावपट्टीची लांबी, टॅक्सीवेची नावं, स्टँडचे क्रमांक. तो वापरा. भिंतीवर चढून किंवा टर्मिनलच्या सुरक्षा भागात फोटो काढायच्या फंदात पडू नका, उगाच चौकीत बसाल. विमान कंपन्यांची नावं आणि रंग गेममध्ये घ्यायला परवानगी लागते, ती तुमच्या हातात नाही, त्यामुळे त्यावर दोन पानं खर्च करू नका. आणि कोडं पहिल्या परिच्छेदात लिहा. माझ्यासारखं गेटवेने सुरू करू नका.

एपिसोड रेकॉर्ड करताना माझ्या को-होस्टने मला अडवलं होतं. "एवढं करण्यापेक्षा नवी मुंबईचं का नाही सुचवत?" प्रश्न रास्त आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, डिसेंबरअखेर प्रवासी विमानं सुरू झाली. आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, ज्या एकमेकींना छेदत नाहीत. गेमच्या साच्यात ते पटकन बसेल. पण तिथे 'एक्सपांड' दाबलं गेलंय, हे विसरून चालणार नाही. त्यासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावांचं पुनर्वसन झालं. दि. बा. पाटलांच्या नावासाठी लोक रस्त्यावर आले ते त्या जमिनींच्या लढ्याची आठवण होती म्हणूनच. कुणी पनवेल-उलव्याकडचा श्रोता असेल तर त्याने तो प्रस्ताव लिहावा. माझ्यापेक्षा चांगला लिहील.

जाता जाता एक गंमत, जी प्रस्तावात 'सिक्रेट अचीव्हमेंट' म्हणून टाकलीय. सांताक्रूझजवळच जुहूचं छोटं विमानतळ आहे, तेच जिथे १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. १९५३ मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट आणि १९७२ मध्ये एक जपानी डीसी-८, ही दोन्ही विमानं सांताक्रूझ समजून चुकून जुहूला उतरली! खेळणाऱ्याने विमान जुहूला उतरवलं तर शून्य गुण, पण एक बॅज मिळावा असं माझं नम्र मत आहे.

फाइल परवा रात्री पाठवली. एकोणीस पानं झाली. कुंपणाबाहेरच्या वस्तीबद्दल एक पान आहे, त्यात लिहिलंय की ती दाखवा, तिला किंमत लावू नका, आणि रात्री घरांत दिवे लावा. ते पान मावसभावाला आधी वाचायला दिलं होतं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली: जून लागला की छपरांवर निळी ताडपत्री आली पाहिजे, नाहीतर ती जरीमरी वाटणार नाही. शेवटच्या पानावर त्याने स्वतः काढलेलं चित्र जोडलंय.

उत्तर आलं तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये वाचून दाखवेन. तोवर तुमच्या गावाजवळच्या विमानतळाचं कोडं काय आहे ते व्हॉइस नोटवर सांगा, एका मिनिटाच्या आत. नाशिक, कोल्हापूर, मोपा, काहीही चालेल. भेटूया!